टाके निघाल्यावर आलेला कागद

अगं, आधी एक काम कर. तो रिपोर्ट कपाटात साड्यांखाली ठेवला आहेस ना, तो बाहेर काढ. चांगल्या उजेडात दोन्ही पानांचे मोबाईलवर फोटो घे आणि मला नि भावोजींना पाठव. मूळ कागद एका फोल्डरमध्ये घाल. पुढचे काही महिने जिथे जाशील तिथे तो मागतील, त्यामुळे तो डोळ्यांआड करून चालणार नाही.

त्यात ॲडेनोकार्सिनोमा लिहिलंय. हो, तो कॅन्सरच. ‘किरकोळ गाठ आहे’, ‘थोडंसं काहीतरी निघालंय’ असं मी तुला म्हणणार नाही. तू पन्नाशीतली शहाणी बाई आहेस आणि शरीर तुझं आहे. पण त्याच कागदावर त्या शब्दाच्या खाली आणखी चार ओळी आहेत. त्या न वाचताच तू तीन रात्री जागून काढल्यास. काल फोनवर भावोजींनी मला तो रिपोर्ट सगळा वाचून दाखवला, म्हणून आज नीट बोलता येतंय.

माझी सगळी नोकरी सर्जरीच्या वॉर्डात आणि थिएटरमध्ये गेली. पित्ताशयाच्या खड्यांसाठी पिशवी काढायची आणि पुढच्या आठवड्यात बायोप्सीत भलतंच निघायचं, असे पेशंट मी पाहिलेत. फार नसतात. खड्यांसाठी ऑपरेशन झालेल्या हजार जणांत साधारण दोन-तीनपासून दहापर्यंत. जिथे हा आजारच जास्त आहे, तिथे त्याहून थोडे अधिक. म्हणजे तुझं जे झालंय ते दुर्मिळ आहे, पण वैद्यकशास्त्राला अनोळखी नाही. पुढे काय करायचं ते ठरलेलं आहे, आणि ते करणारी माणसं आपल्या राज्यात आहेत.

आणि हे कळलं कसं ते विसरू नकोस. ऑपरेशन संपल्यावर सिस्टरने फॉर्मॅलिनची बाटली भावोजींच्या हातात दिली आणि लॅबमध्ये नेऊन द्या म्हणाली. त्यांनी ती त्याच संध्याकाळी नेऊन दिली. मी पाहिलंय, कितीतरी घरांत बाटलीतले खडे मोजून होतात, पाहुण्यांना दाखवून होतात आणि पिशवी मात्र कुठेच जात नाही. काही छोट्या दवाखान्यांत तर ती तपासायला पाठवायचीच नाही अशी पद्धत पडून गेलीय, कारण खडेच तर होते आणि पेशंटचे पैसे वाचतात. ह्याचा मला फार राग येतो. काढलेलं प्रत्येक पित्ताशय पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर गेलंच पाहिजे. नाही गेलं, तर आठ-दहा महिन्यांनी बाई कावीळ होऊन परत येते, आणि तेव्हा हातात फार थोडं उरलेलं असतं. तुझं तसं झालं नाही. पित्ताशयाचा कॅन्सर बहुतेकांना कावीळ झाल्यावर, वजन उतरल्यावर, पोटात गोळा लागल्यावर कळतो. तुला तो त्याच्या कितीतरी आधी कळलाय. अशा अचानक सापडलेल्यांचं पुढचं चित्र त्या बाकीच्यांपेक्षा बरंच चांगलं असतं. धीर यावा म्हणून मी हे रचून सांगत नाहीये, खरंच तसं आहे.

आता त्या चार ओळी.

पित्ताशयाची भिंत पातळ असते, पण तिला थर असतात. सगळ्यात आत अस्तर. त्यानंतर स्नायूंचा थर. त्याच्या बाहेर सैलसर जोडऊती. आणि बाहेरून पातळ आवरण. पण यकृताला जिथे पित्ताशय चिकटलेलं असतं, तिथे ते बाहेरचं आवरण नसतं, तिथे जोडऊती थेट यकृताला भिडते. कॅन्सर आतल्या अस्तरातून सुरू होतो आणि बाहेर सरकतो. तो कोणत्या थरापर्यंत पोचलाय, ह्यावर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं. रिपोर्टात ते ‘टी’ अक्षराने लिहितात.

अस्तरातच असेल तर टी१ए. कडा स्वच्छ असतील आणि पित्ताशय न फाटता अख्खं निघालं असेल, तर झालेलं ऑपरेशनच पुरतं. अशा पेशंटला पुढे फक्त तपासण्यांना यावं लागतं, आणि बहुतेक सगळे बरे राहतात. स्नायूपर्यंत गेला असेल तर टी१बी. इथे डॉक्टरांमध्ये थोडी चर्चा असते, पण बहुतेक तज्ज्ञ दुसरं ऑपरेशन सुचवतात. स्नायू ओलांडून जोडऊतीत गेला की टी२. बाहेरचं आवरण फोडून गेला किंवा यकृतात शिरला की टी३. आणि यकृताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी धरली की टी४.

तुझ्या कागदावर टी२ आहे. म्हणजे दुसरं ऑपरेशन करायला हवं. हे वाक्य मी मुद्दाम लगेच लिहितेय, कारण ते टाळून बाकीचं कितीही गोड बोलले तरी उपयोग नाही.

तू म्हणशील, पिशवी तर काढली, मग आता काय काढायचं? खड्यांच्या ऑपरेशनात सर्जन पित्ताशय यकृतापासून सोडवताना नेमक्या त्या जोडऊतीच्या थरातूनच जातो. खडेच असतील तर तेच बरोबर. पण कॅन्सर त्याच थरात पोचलेला असेल, तर त्याच्या काही पेशी यकृताच्या बाजूला राहिलेल्या असू शकतात. शिवाय जवळच्या लिम्फ ग्रंथी कोणी तपासलेल्याच नसतात. टी२ मध्ये दुसऱ्यांदा उघडल्यावर एक तृतीयांश ते निम्म्या पेशंटमध्ये कुठे ना कुठे शिल्लक आजार सापडतो. तो काढून टाकणं हीच बरं होण्याची वाट आहे. स्कॅन स्वच्छ आला म्हणून ‘आता काही नाही, राहू द्या’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. स्कॅनला इतक्या बारीक पेशी दिसत नाहीत.

तुझ्या रिपोर्टात एक चांगली गोष्ट आहे. पित्ताशयाच्या नळीची कापलेली कड स्वच्छ आहे. ती स्वच्छ नसती, तर पित्तनलिकेचा भागही काढावा लागण्याची शक्यता होती. आणि एक गोष्ट त्यात नाही. गाठ यकृताच्या बाजूला होती की पोटाच्या पोकळीच्या बाजूला, हे लिहिलेलं नाही. २०१८ पासून टी२ चे हेच दोन भाग करतात, कारण यकृताच्या बाजूचा जास्त त्रासदायक निघतो. म्हणून पॅथॉलॉजिस्टना जाऊन भेटा. भांडायला जायचं नाही. अदबीने विचारायचं, सर, बाजू सांगता येईल का, भिंतीचे आणखी तुकडे तपासता येतील का. छोट्या लॅबमध्ये खड्यांचं पित्ताशय म्हणून दोन-तीनच तुकडे घेतलेले असतात. परत तपासलं की कधी आजाराची खोली बदलते, आणि खोली बदलली की उपचारच बदलतो. तिथून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. ते पेशंटला मिळतात. मोठ्या रुग्णालयात ते पुन्हा वाचून घेतल्याशिवाय कोणी पुढचं पाऊल टाकत नाही.

आता तुझ्या सर्जनविषयी. तुझ्या जाऊबाई म्हणाल्या म्हणे, ‘त्यांना आधी कसं दिसलं नाही, केस टाका त्यांच्यावर.’ मला तुझा संताप समजतो. पण सोनोग्राफीत तुझी भिंत जाड दिसत होती, आणि खडे वर्षानुवर्षं असले की भिंत जाड होतेच. जुनी सूज आणि सुरुवातीचा कॅन्सर डोळ्यांना अगदी सारखे दिसतात, दुर्बिणीतूनसुद्धा. ऑपरेशनच्या आधी भिंत वेडीवाकडी जाड आहे, आत मोठा कोंब आहे असं दिसलं असतं, तर सीटी करायला हवा होता हे खरं. तुझ्या सोनोग्राफीत तसं काही लिहिलेलं नाही, मी विचारून घेतलंय. आणि दुसरं म्हणजे, ह्या घडीला तुला त्या माणसाची गरज आहे. त्या दिवशी आत काय काय झालं ते फक्त त्यालाच माहीत आहे.

त्याच्याकडून ऑपरेशनची पूर्ण नोंद माग. डिस्चार्ज कार्डावरच्या दोन ओळींनी भागणार नाही. काय काय विचारायचं ते कागदावर लिहून घेऊन जा, तिथे बसल्यावर काही सुचत नाही. पित्ताशय मध्ये फाटलं का? पित्त किंवा खडे पोटात सांडले का? पिशवी बाहेर काढताना प्लास्टिकच्या थैलीत घालून काढली की तशीच भोकातून ओढली? कोणत्या भोकातून? काही भाग यकृताला चिकटलेला राहिला का? आत आणखी काही वेगळं दिसलं होतं का? पित्त सांडलं असेल तर त्याच्याबरोबर पेशी पसरण्याचा धोका वाढतो, आणि पुढच्या टीमला ते आधीच कळलं तर ते त्या दृष्टीने बघतात. इथे कोणी लपवाछपवी केली तर नुकसान तुझंच. म्हणून त्या डॉक्टरांना मोकळेपणाने बोलता येईल असंच वाग. भावोजींना सांग, आवाज चढवायचा नाही. मी पाहिलेले बहुतेक सर्जन अशा वेळी स्वतःहून फोन करून पुढच्या डॉक्टरांशी बोलतात. त्यांनाही वाईट वाटलेलं असतं.

पुढचं ऑपरेशन मात्र तिथे नको. हे मी अगदी ठामपणे सांगते. यकृत, पित्तमार्ग आणि स्वादुपिंड ह्यांचीच ऑपरेशनं रोज करणारे सर्जन असतात, त्यांना एचपीबी सर्जन म्हणतात, किंवा मग पोटाच्या कॅन्सरचे सर्जन. मुंबई, पुणे, नागपुरात ते आहेत. परळचं टाटा हॉस्पिटल तर आहेच. तिथल्या ओपीडीत बसलीस की आजूबाजूला भोजपुरी, मैथिली, बंगाली कानावर पडेल. त्याचं कारण आहे. पित्ताशयाचा कॅन्सर आपल्या महाराष्ट्रात तसा कमी. तो जास्त दिसतो उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल, आसाम ह्या पट्ट्यात, आणि देशाबाहेर चिलीमध्ये. पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त. त्या बायका दोन-दोन दिवस रेल्वेने प्रवास करून परळला येत आल्या आहेत. २०१९ मध्ये वाराणसीला टाटाचं मोठं केंद्र सुरू झालं, तेव्हापासून त्यांच्यातल्या काहींना तिथेच उपचार मिळू लागले. त्यामुळे परळच्या डॉक्टरांनी हा आजार जितका हाताळलाय तितका फार थोड्यांनी हाताळला असेल. तुला खाजगीत जायचं असेल तरी हरकत नाही, पण एक प्रश्न तिथे विचारायचाच: हे दुसऱ्यांदा करायचं ऑपरेशन तुमच्याकडे वर्षाला किती वेळा होतं? चांगल्या डॉक्टरला ह्या प्रश्नाचा राग येत नाही.

वेळेबद्दल मला तुझ्याशी जरा जास्त बोलायचंय, कारण घरात दोन्ही टोकं सुरू झालीत. भावोजी म्हणतात उद्याच्या उद्या ॲडमिट करू, आणि तुझे दीर म्हणतात आधी एक महिना एका वैद्यांचं औषध घेऊन बघू. दोन्ही नको.

अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांनी मिळून अशाच अचानक सापडलेल्या पेशंटचा अभ्यास केला होता, तो २०१७ मध्ये छापून आला. त्यात पहिल्या ऑपरेशननंतर चार ते आठ आठवड्यांच्या दरम्यान ज्यांचं दुसरं ऑपरेशन झालं, ती माणसं सगळ्यात जास्त काळ जगली. त्याच्या आधी घाई केलेल्यांना तेवढा फायदा झाला नाही, आणि आठ आठवडे उलटून गेलेल्यांनाही नाही. एका अभ्यासावर जग चालत नाही, पण डॉक्टर आज साधारण हाच हिशेब डोळ्यांसमोर ठेवतात, आणि तो पटतोही. लगेच उघडलं तर आतली सूज अजून उतरलेली नसते, सूज कोणती आणि रोग कोणता ते कळत नाही. शिवाय आजार आधीच इतरत्र गेलेला असेल तर तेही स्कॅनमध्ये दिसायला थोडा अवधी लागतो. आणि जास्त थांबलं तर राहिलेल्या पेशी वाढतात. तुझ्या ऑपरेशनला तीन आठवडे झालेत. म्हणजे तू अगदी वेळेवर आहेस. ह्या आठवड्यात स्लाइड, ब्लॉक आणि नोंद गोळा करायची, पुढच्या आठवड्यात मोठ्या रुग्णालयात नाव नोंदवायचं, त्यानंतर स्कॅन. त्या वैद्यांना मी ओळखत नाही, त्यांच्याविषयी वाईट बोलणार नाही. पण हातातले हे आठवडे त्यांना द्यायचे नाहीत. पित्ताशयाचा कॅन्सर काढ्याने जात नाही.

तिथे गेल्यावर छाती आणि पोटाचा कॉन्ट्रास्ट देऊन सीटी करतील. कधी एमआरआय, कधी पेट स्कॅन. सीए १९-९ नावाची रक्ततपासणी करतील. त्या आकड्यावर नजर लावून बसू नकोस. कावीळ असेल, पित्तनलिकेला सूज असेल तरी तो वाढतो, आणि काही माणसांत आजार असूनही वाढत नाही. ताज्या ऑपरेशनच्या जागेवर पेट स्कॅनसुद्धा चमकतो, ती नुसती भरत आलेली जखम असू शकते. रिपोर्ट हातात पडला की मोबाईलवर अर्थ शोधत बसण्यापेक्षा डॉक्टरांची वेळ येईपर्यंत तो फोल्डरमध्ये ठेव.

ऑपरेशन कसं असतं ते सांगते, कारण न सांगितलेल्या गोष्टींची भीती जास्त वाटते. बऱ्याच ठिकाणी आधी दुर्बीण घालून पोटात नजर टाकतात. पोटाच्या आवरणावर, यकृताच्या पृष्ठभागावर आजाराचे बारीक ठिपके पसरलेले नाहीत ना, हे बघायचं असतं. काही नसेल तर पुढे जातात. ठिपके दिसले, तर तिथेच थांबतात, मोठा कट देत नाहीत आणि औषधांकडे वळतात. हे भावोजींना आणि तुझ्या लेकाला आधीच सांगून ठेव. बाहेर बाकावर बसलेल्या माणसांना सहा तास लागतील म्हणून सांगितलेलं असतं आणि तासाभरात डॉक्टर बाहेर आले की त्यांच्या पायाखालची जमीन सरकते. आधी माहीत असलं तर निदान ते काय सांगताहेत ते कानांत शिरतं.

सगळं ठीक असेल तर उजव्या बरगडीखाली आडवा कट घेतात, काही केंद्रांत हेही दुर्बिणीने किंवा रोबोटने करतात. पित्ताशय ज्या जागी चिकटलेलं होतं, तिथला यकृताचा पाचरीसारखा भाग काढतात. यकृत हा घाबरून जाण्यासारखा अवयव नाही, तेवढा भाग गेला तर त्याला काही वाटत नाही, ते भरून येतं. त्याबरोबर पित्तनलिका आणि यकृताची धमनी ह्यांच्या भोवतीच्या लिम्फ ग्रंथी काढतात. निदान सहा तरी ग्रंथी तपासल्या जाव्यात असा नियम आहे. म्हणून दुसरा बायोप्सी रिपोर्ट आला की त्यात ग्रंथी किती काढल्या आणि किती बाधित निघाल्या ते बघ. पूर्वी दुर्बिणीच्या भोकांच्या जागची कातडीही काढून टाकत. आता ते सर्रास करत नाहीत, त्याने आयुष्य वाढत नाही असं दिसून आलंय. पण तुझ्या डॉक्टरांनी काही कारणाने सुचवलं तर विचार, का म्हणून.

नंतर आठवडाभर रुग्णालय धर. पोटाला नळी असेल. तिच्यातून पित्तासारखं हिरवट-पिवळं यायला लागलं तर सिस्टरला लगेच सांग, लाजू नकोस. पित्त गळणं हा ह्या ऑपरेशननंतरचा माहितीतला त्रास आहे आणि तो बहुतेक वेळा आटोक्यात येतो. दुसऱ्या दिवसापासून तुला उठवतील, चालायला लावतील, फुंकायचं यंत्र देतील. कण्हत का होईना, पण ते सगळं कर. वॉर्डात मी बायकांना हेच सांगायचे: दुखतंय म्हणून श्वास वरवर घेतला की छातीत कफ साठतो.

औषधाची गोष्ट त्यानंतरची. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले, बिलकॅप नावाच्या. त्यात पित्तमार्गाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्यांना सहा महिने कॅपेसिटाबिनच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि गोळ्या घेतलेली माणसं जास्त जगताना दिसली. त्यात पित्ताशयाचे पेशंट थोडेच होते, तरी तेव्हापासून हा उपचार रूढ झालाय. कोणाला सलाइनमधून दोन औषधं देतात, कोणाला रेडिएशनही सांगतात. ग्रंथींमध्ये काय निघालं त्यावर ते ठरेल. टी३ असता किंवा ग्रंथी आधीच मोठ्या दिसत असत्या, तर काही ठिकाणी केमो आधी आणि ऑपरेशन नंतर असाही क्रम ठेवतात. तुझा निर्णय एका डॉक्टरच्या खोलीत न होता सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट सगळे एकत्र बसून करतील, असं रुग्णालय निवड. त्या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात.

गोळ्या चौदा दिवस आणि सात दिवस सुट्टी असं चक्र असतं. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, भेगा पडतात. डॉक्टर सांगतील ते क्रीम पहिल्या दिवसापासून लाव, त्रास सुरू व्हायची वाट बघू नकोस. भांडी गरम पाण्याने घासायची नाहीत. खरं तर भांडीच घासायची नाहीत, ती सून आणि लेक बघतील. दिवसात चार-पाचदा पातळ जुलाब झाले की गोळी थांबवून फोन करायचा. ‘कोर्स पूर्ण करायचाय’ म्हणून ओढत न्यायचं नाही. बायका नेमकं तेच करतात.

घरातल्या गोष्टी.

पहिली म्हणजे, ‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो, आता दुसऱ्यांदा उघडू नका’ हे तुला पन्नास जण सांगतील. पित्त सांडलं तर धोका असतो, हे वर लिहिलंच आहे, त्यामुळे त्या बोलण्यात अगदीच काही नाही असं नाही. पण त्याचं उत्तर नीट केलेलं दुसरं ऑपरेशन हेच आहे. ते टाळल्याने पेशी विरून जात नाहीत.

दुसरी, सासूबाईंना सांगायचं की नाही. तू म्हणतेस त्यांना नको कळायला, हाय खातील. त्या ऐंशीच्या आहेत, दोन बाळंतपणांत आणि एका दुष्काळात त्यांनी जे पाहिलंय ते आपण नाही पाहिलं. तू महिनाभर घरात नसणार, तुझ्या पोटावर मोठी जखम असणार, कुजबूज त्यांच्या कानावर जाणारच. साध्या शब्दांत तूच सांग. आणि तुझ्या लेकीला तर आजच सांग. ती पुण्यात एकटी राहते, आई लपवतेय एवढं तिला कळलंय, आणि तिने मला दोनदा फोन केलाय. मी तिच्याशी खोटं बोलणार नाही.

आणि भावोजी. ते रिपोर्ट वाचताना दोनदा थांबले. बाटली वेळेत पोचवणारा माणूस तो. त्यांच्याशी ह्या विषयावर बोल, नुसतं जेवायला वाढून उठू नकोस.

पैशाची काळजी मला तुझ्या आवाजात ऐकू आली. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आहे, आयुष्मान भारतबरोबर जोडलेली. वर्षाला कुटुंबाला पाच लाखांपर्यंत उपचार. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरची नावं जुळतात का ते आजच बघ, माहेरच्या-सासरच्या नावाचा घोळ असला तर तिथे अडतं. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना आधी भेटायचं. टाटाला गेलात तर जनरल आणि प्रायव्हेट असे दोन प्रकार आहेत, डॉक्टर तेच असतात. तिथल्या समाजसेवा विभागात जायला कमीपणा वाटून घेऊ नका. राहण्यासाठी दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या पेशंटसाठी आणि नातेवाइकांसाठीच चालवलेली. रुग्णालयाकडून कागद घेतला की रेल्वेच्या तिकिटातही सवलत मिळते.

‘मलाच का’ असं तू विचारलंस. तू काय खाल्लंस, किती उपास केलेस, रात्रीची जेवणं उशिरा झाली, ह्याचा हिशेब मांडत बसू नकोस. ह्या कॅन्सरच्या बहुतेक पेशंटना खडे असतात, पण खडे असलेल्या बहुतेकांना हा कॅन्सर कधीच होत नाही. वर्षानुवर्षांची सूज हे एक कारण. टायफॉइडचे जंतू पित्ताशयात घर करून राहणं हे दुसरं. काहींची पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी जन्मतःच वेगळ्या ठिकाणी जुळलेली असते. टाटाच्याच संशोधकांनी २०१७ मध्ये भारतीय पेशंटच्या रक्ताचा मोठा अभ्यास छापला, त्यात पित्त वाहून नेण्याशी संबंधित दोन जनुकांमधले बदल ह्या आजाराशी जोडलेले सापडले. म्हणजे शरीराच्या आत खोलवर, तुझ्या हातात नसलेल्या कितीतरी गोष्टी आहेत. तुझ्या स्वयंपाकघरात त्याचं कारण शोधू नकोस.

ह्यावरून तुझ्या धाकट्या नणंदेने विचारलं म्हणे, माझ्या पोटातही खडे आहेत, काढूनच टाकू का? तिला माझा नंबर दे. त्रास न देणारे खडे सगळ्यांचे काढत नाहीत. पण तीन सेंटीमीटरहून मोठा खडा असेल, एक सेंटीमीटरहून मोठा कोंब असेल, भिंतीत चुना साठलाय असं सोनोग्राफीत लिहिलं असेल, तर सर्जनला लवकर भेटायला हवं. चिलीमध्ये तर हा आजार इतका होता की २००६ पासून ३५ ते ४९ वयाच्या, खडे असलेल्या लोकांना ऑपरेशनची सरकारी हमी दिली गेली. आपल्याकडे तसं नाही, त्यामुळे तिला स्वतःच विचारावं लागेल. आणि काढलंच, तर बाटली लॅबमध्ये गेली की नाही हे तिने स्वतः बघायचं.

उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी असते, नंतर अंतर वाढत जातं, पाच वर्षांपर्यंत. त्याचं वेळापत्रक तेव्हा करू.

आज फक्त एवढं: फोटो पाठव, लेकीला फोन कर. उद्या भावोजी लॅबमध्ये जातील तेव्हा बिलाची पावती आणि तुझं ओळखपत्र बरोबर असू दे, त्याशिवाय ब्लॉक देत नाहीत. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवायचे नाहीत, मेण वितळतं. परळच्या पहिल्या तपासणीला मी येतेय. वही-पेन मी आणीन, डॉक्टर बोलतील ते मी लिहून घेईन, तू फक्त ऐक आणि तुला विचारायचं ते विचार.